सरकार बंद होतं, आम्ही नाही

मेरीलँड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. अनघाच्या ऑफिसातलं एक जोडपं परवा पुण्याला निघालंय. त्यांच्या बॅगेत आईच्या गुडघ्याचं मलम, मनूचे बूट आणि ईशानने काढलेली चित्रं कोंबली, तेव्हा वाटलं एक पत्रही जाऊ दे. फोनवर इथलं सरकार बंद पडल्याचा विषय निघाला की बाबा, तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, मग आई फोन हिसकावून "जेवलास का" विचारते आणि मुद्दा राहतो तो राहतोच. कागदावर निदान मला पूर्ण बोलता येईल.

तर आधी आईसाठी. जेवतो. वेळेवर जेवतो. पगार एकाही महिन्याचा चुकलेला नाही. ईशानची शाळा एक दिवससुद्धा बंद नव्हती, कारण इथल्या शाळा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या असाव्यात तशा. दिवाळीत फराळ झाला. चकल्या विरघळल्या, पण त्याला सरकार जबाबदार नाही.

बाबा, तुम्ही टीव्हीच्या पडद्याचा जो फोटो पाठवला होतात, लाल पट्टीवर 'अमेरिकेला टाळं', तो मी जपून ठेवलाय. टाळं वगैरे काही नव्हतं. १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस केंद्र सरकारच्या बऱ्याच कचेऱ्यांना खर्चाची मंजुरी नव्हती, एवढंच. 'एवढंच' म्हणतोय खरा. याआधीचा विक्रम ३५ दिवसांचा, २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालेला. तोही आम्ही इथेच काढला, पण तेव्हा तुमच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती आणि मीही पोचवली नव्हती.

या वेळीही पोस्ट चालू होतं, ते स्वतःच्या कमाईवर चालतं. विमानतळावरचे तपासणीवाले आणि विमानांना वाट दाखवणारे कंट्रोलर कामावर होते, फक्त बिनपगारी. माणसं कमी पडायला लागली तेव्हा ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कापायला सुरुवात झाली. वॉशिंग्टनची सरकारी संग्रहालयं मिटली, प्राणिसंग्रहालय मिटलं. तिथल्या चिनी पांडांवर एक कॅमेरा लावलेला असतो, ईशान रोज संध्याकाळी तो बघत बसायचा, तोही बंद. "पांडांना खायला देतात ना?" हे त्याने मला इतक्या वेळा विचारलं की तुमच्या "पगार मिळतो ना?"ची आठवण यायची. दोघांनाही मी 'हो' म्हणालो आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. (पगाराबद्दल थोडं पुढे लिहितो.)

तुमचा प्रश्न होता की पैशाचं विधेयक मंजूर होत नसेल तर सरकार पडायला हवं, मग ही मंडळी अजून खुर्चीत कशी? मेख तिथेच आहे. आपल्याकडे लोकसभेने पैसे नाकारले की सरकार गेलं, निवडणुका लागल्या. म्हणून लेखानुदान का होईना, काहीतरी करून वेळ निभावून नेतात. इथे राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांसाठी, सिनेटर (वरच्या सभागृहाचे) ६ वर्षांसाठी, खालच्या सभागृहाचे प्रतिनिधी २ वर्षांसाठी. मुदत संपेपर्यंत कुणाची खुर्ची हलत नाही. मग घरी बसतो तो कारकून. पूर्वी असंही नव्हतं म्हणे. मंजुरीला उशीर झाला तरी कचेऱ्या चालू राहायच्या, मागाहून सगळं नियमित व्हायचं. १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अर्थ लावला की मंजुरी नसेल तर काम थांबलंच पाहिजे. तेव्हापासून हा खेळ आहे. सगळी खर्चविधेयकं १ ऑक्टोबरच्या आत मंजूर झाली असं शेवटचं १९९६ मध्ये घडलं. मी तिसरीत होतो.

पुढे मी काँग्रेस काँग्रेस लिहीन, ते इथल्या संसदेचं नाव आहे. उगाच खूश होऊ नका किंवा चिडू नका.

या वेळचं भांडण आरोग्यविम्याचं. २०२१ पासून विम्याच्या हप्त्यावर जी वाढीव सवलत मिळत होती ती ३१ डिसेंबरला संपतेय. विरोधातले डेमोक्रॅट म्हणत होते आधी तिची मुदत वाढवा, मग खर्चाला मत देतो. सत्तेतले रिपब्लिकन म्हणत होते आधी सरकार उघडू द्या, मग बोलू. सिनेटमध्ये १०० जागा, रिपब्लिकन ५३. बहुमत आहे ना, मग करा की मंजूर! पण इथे चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. पूर्वी विधेयक अडवायचं तर पायांवर उभं राहून बोलत राहावं लागायचं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नावाचे सिनेटर नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. कृत्य वाईट, पण घसा तरी पणाला लावला होता. आता बोलावंही लागत नाही, अडवणार म्हटलं की अडलं. तर तेच ते विधेयक १४ वेळा मतदानाला आलं आणि १४ वेळा अडकलं. खालच्या सभागृहाच्या सभापतींनी तर सदस्यांना १९ सप्टेंबरला घरी पाठवलं ते १२ नोव्हेंबरलाच परत बोलावलं. ॲरिझोनातून २३ सप्टेंबरला पोटनिवडणूक जिंकलेल्या बाईंना तोवर शपथच मिळाली नाही, ५० दिवस! आपल्याकडे पहाटे उरकतात, ते यांना सांगितलं तर खोटं वाटेल.

आता ती गोष्ट, जी मला इथे ९ वर्षं काढून अजून पचलेली नाही. जरा सविस्तर लिहितो, बाबा, कारण तुम्हाला यात रस वाटेल. आई, तू हे पान सोडलंस तरी चालेल.

माझ्या ऑफिसातला नाशिकचा एक मित्र मागच्या निवडणुकीआधी नागरिक झाला. मतदार नोंदणीचा फॉर्म भरायला बसला आणि मला फोन. "अरे, इथे पक्ष विचारलाय. काय लिहू?" मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच, मेरीलँडच्या सरकारी फॉर्मवर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि पक्ष. म्हणजे सभासदत्वाची पावती नाही, वर्गणी नाही, मेळाव्याला जायचं नाही, पण मतदार यादीत तुमच्या नावापुढे पक्ष लागतो आणि ती यादी उमेदवारांना मिळते. दारावर प्रचाराला आलेल्या पोराच्या फोनमध्ये आधीच असतं की या घरात कोण कुठला. मत गुप्त, पण पक्ष उघड. आपल्याकडे अख्ख्या गावाला कोण कुणाचा ते ठाऊक असतं, पण तहसीलदाराने कधी लिहून घेतलं नाही!

मित्राने घाबरून 'कुठलाच नाही' वर खूण केली. त्याला वाटलं, आपण शहाणे. मग मे २०२४ मध्ये पक्षांची आपापली निवडणूक आली, तिला इथे प्रायमरी म्हणतात. हा सूटबूट घालून, आयुष्यातलं इथलं पहिलं मत द्यायला गेला, तर त्याच्या हातात आली शाळा मंडळाची मतपत्रिका. सिनेटर नाही, प्रतिनिधी नाही, काही नाही. ज्याचं नाव ज्या पक्षात, त्याने त्याच पक्षाचा उमेदवार निवडायचा. ज्याचा पक्ष नाही त्याने शाळेचे नळ दुरुस्त करणारे निवडायचे.

तुमच्या भाषेत सांगतो. इथे एबी फॉर्म नाही. तिकीट कुणाला द्यायचं ते जिल्हाध्यक्ष ठरवत नाही, मुंबईहून फोन येत नाही, अर्ज भरायच्या शेवटच्या तासाला दुसऱ्याच्याच खिशातून फॉर्म निघत नाही. त्या त्या पक्षात नोंदलेले मतदारच तिकीट ठरवतात. ऐकायला किती छान! मीही पहिली दोन वर्षं असंच म्हणायचो. पण प्रायमरीला जातं कोण? दिवसभर राबून आलेला माणूस जात नाही. जातो तो कट्टर, ज्याला दुसऱ्या बाजूचं नाव काढलं तरी आवडत नाही. आमच्या भागात एकाच पक्षाचं इतकं चालतं की नोव्हेंबरची खरी निवडणूक निव्वळ उपचार असते, जी काही लढत ती प्रायमरीत. दुसऱ्या राज्यांत दुसऱ्या पक्षाचं तसंच. मग निवडून आलेल्या माणसाला विरोधकाची भीती नसतेच, भीती असते स्वतःच्या माणसांची. समोरच्याबरोबर चहा पिताना फोटो निघाला तर पुढच्या प्रायमरीत घरचाच कुणीतरी तो फोटो घेऊन उभा राहतो.

आणि मतदारसंघ कोण आखतं? आपल्याकडे प्रभागरचनेवरून काय रामायण झालं ते तुम्ही जगलात. इथे बहुतेक राज्यांत विधिमंडळच रेषा ओढतं, म्हणजे जे खेळणार तेच मैदान आखणार. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गेरी नावाच्या गव्हर्नरच्या सहीने एक मतदारसंघ इतका वाकडातिकडा झाला की लोकांना तो सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा प्राणी वाटला. गेरी आणि सॅलमँडर मिळून त्या उद्योगाला जेरीमँडर नाव पडलं ते आजतागायत. या ऑगस्टमध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न बघता मध्येच नवा नकाशा केला, रिपब्लिकनांना ५ जागा वाढाव्यात म्हणून. तो अडवायला तिथले ५० हून अधिक विरोधी आमदार गणसंख्या मोडून राज्याबाहेर निघून गेले. मला गुवाहाटी आठवली. फरक इतकाच की हे सरकार पाडायला गेले नव्हते, आणि दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा नकाशा झालाच. मग कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबरला लोकांचं मत घेऊन उलटा नकाशा केला, डेमोक्रॅटांना ५ वाढाव्यात म्हणून. फिट्टंफाट.

हे सगळं लांबण का लावलं, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. "ते आठ जण फुटले ते किती खोक्यांना?" बाबा, खोके नाहीत. इथे पक्षांतरबंदीही नाही आणि आपल्यासारखा व्हीपही नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. ९ नोव्हेंबरच्या रात्री डेमोक्रॅटांच्या गटातल्या ८ जणांनी सरकार उघडायला मत दिलं, रिपब्लिकनांतला एक विरुद्ध गेला, ६०-४० झाले. खाली १२ तारखेला २२२ विरुद्ध २०९. तिथेही ६ डेमोक्रॅट पलीकडे, २ रिपब्लिकन अलीकडे. ज्याच्यासाठी भांडण झालं त्या विम्याचं काय? डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान घेऊ, असं आश्वासन. आश्वासन! आता त्या आठ जणांवर त्यांच्याच पक्षाचे लोक तुटून पडलेत. पण एक गंमत बघा. त्या आठांपैकी एकालाही पुढच्या वर्षीच्या निवडणुकीला सामोरं जायचं नाहीये. दोघं तर निवृत्तच होतायत. बाकीच्या पदराआडच्या लोकांनाही हेच करायचं होतं अशी कुजबुज आहे, पण त्यांना घरी तोंड दाखवायचं होतं.

खोके मी वाटले, ते वेगळे. मंडळातल्या आम्ही काही जणांनी १ नोव्हेंबरच्या शनिवारी एका शाळेच्या पार्किंगमध्ये धान्याची खोकी वाटली. त्या दिवसापासून सरकारी धान्यमदतीचे पैसेही अडकले होते, ती मदत घेणारे देशात ४ कोटींच्या वर आहेत. शिवाय पगार थकलेले केंद्रीय कर्मचारी. गाड्यांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर वळून गेलेली. खिडकी खाली करायची नाही, डिकी उघडायची, आम्ही खोकं ठेवायचं, पुढची गाडी. बटाटे, कांदे, सफरचंदं, डब्यातला घेवडा, पास्ता. एक निळी गाडी आली. डिकीच्या काचेवरचा फुटबॉलचा स्टिकर बघून आधी गाडी ओळखली, मग आरशात डोळे दिसले. आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ. २२ वर्षांची सरकारी नोकरी. मी खोकं ठेवलं, डिकी लावली, दोनदा थाप मारली, जशी सगळ्यांच्या गाडीला मारत होतो तशीच. ते निघून गेले. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आमच्या अंगणातला पाचोळा गोळा करून सात पिशव्या कडेला ओळीने लावलेल्या.

या गृहस्थांचा कुठला पक्ष ते लिहीत नाही, नाहीतर तुम्ही लगेच बाजू घ्याल. त्यांच्या शेजारच्यांचा दुसरा, एवढं पुरे. पोस्टमन कधीकधी दोघांची प्रचारपत्रकं आमच्या पेटीत टाकतो आणि मी नेऊन देतो, म्हणून पक्के ठाऊक. दोघं मागच्या वर्षीच्या निवडणुकीपासून बोलत नाहीत. पण २०१६ च्या जानेवारीत इथे मोठं हिमवादळ झालं होतं, त्यानंतर दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून बर्फ उडवायचं यंत्र घेतलंय. एक हिवाळा याच्या गॅरेजमध्ये, एक त्याच्या. या वर्षी पाळी समोरच्यांची. परवा शेजारच्यांनी आपलं गॅरेज सकाळभर उघडं टाकलं आणि बायकोला घेऊन बाजारात गेले. समोरचे आले, यंत्र ढकलत घेऊन गेले. पेट्रोलची टाकी भरलेली होती, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं, जरा चकित होऊन. अनघा म्हणाली, विहिरीच्या मोटरीच्या पाळीसारखं चाललंय. मी काही बोललो नाही.

असो. आता तुमच्या राहिलेल्या काळज्या.

नोकरीच्या व्हिसावरची १ लाख डॉलरची फी: बाबा, ती मला लागू नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय. १९ सप्टेंबरचा आदेश देशाबाहेरून नव्याने येणाऱ्या अर्जांसाठी आहे. मी आत आहे, कंपनी तीच आहे. तुमच्या मित्राच्या जावयाचं जे झालं ते वेगळं प्रकरण. घरी पैसे पाठवण्यावरचा १ टक्का कर: जानेवारीपासून आहे, पण रोख नेऊन भरणाऱ्यांना. मी बँकेतून पाठवतो. तेव्हा 'लेकराच्या कष्टातून सरकार कापून घेतं' हे आत्याला सांगणं बंद करा.

पगाराचं. सरकारी नोकरांना थकलेला पगार मागाहून मिळतो, तसा २०१९ चा कायदा आहे. (मध्यंतरी तो आपोआप लागू होतो का, यावरच वरून शंका काढली होती. समोरच्यांची ती दोन आठवड्यांची झोप गेली ती त्यामुळे.) पण सरकारी काम करणाऱ्या खासगी कंपन्यांच्या लोकांना तो कायदा नाही. आमच्या कंपनीचं निम्मं काम एका सरकारी खात्याचं, आणि मी त्याच निम्म्यात. पहिले तीन आठवडे मला दुसऱ्या कामावर फिरवलं. मग सांगितलं, साठलेली रजा वापरा. पगार मिळाला, पूर्ण मिळाला, पण तो रजेचा. माझ्या खात्यात १८ दिवस होते. आता ३ आहेत.

ते १८ दिवस कशासाठी साठवले होते ते तुम्हाला माहीत आहे.

आणि एक कबूल करतो. भाऊबीजेला मनूचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा "ऑफिसात आहे गं, रात्री करतो" म्हणालो. ऑफिसात नव्हतो. रजेचा पहिलाच दिवस होता, घरी सोफ्यावर बसलो होतो. रजेवर आहे म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, मग ये की निघून. आणि ते जमणार नव्हतं, कारण पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलाय, तो मुंबईच्या वकिलातीतून घेतल्याशिवाय परत शिरता येत नाही, आणि आमचा वकील म्हणतो सध्या अगदी गरज असेल तरच जा. मनूला हे वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, तिला कळलंच असेल, मागे पांघरूण दिसत होतं.

मनूच्या लग्नाचं. फेब्रुवारीचा मुहूर्त धरलाय तो तसाच धरा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मी येणार नाही असं म्हणत नाहीये. फक्त सरकारला दिलेले पैसे ३० जानेवारीपर्यंतचेच आहेत. शेती, माजी सैनिक आणि खुद्द काँग्रेसचा खर्च वर्षभराचा मंजूर झालाय, बाकीची खाती पुन्हा लटकलेली, त्यात आमचं आहे. ३० तारखेला पुन्हा बंद पडलं तर उरलेले ३ दिवसही जातील आणि पुढे बिनपगारी रजा मागावी लागेल. बिनपगारी रजेवर असताना शिक्का मागायला जाणं कितपत शहाणपणाचं, ते वकिलाला विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही. ३१ जानेवारीला सकाळी उठून मी तुम्हाला फोन करीन. तोवर तिकीट काढत नाही. हॉलवाल्याला आकडा सांगताना आम्हा तिघांना धरून सांगा.

पैसे ६ लाख म्हणालो होतो. सध्या ४ पाठवतो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मनूच्या खात्यात येतील. हॉलचे राहिलेले आणि केटररचे त्यात बसावेत. आमचा बोनस पुढे गेलाय, बुडालेला नाही. डॉलर ८८ च्या वर आहे, त्यामुळे वाटतं तितकं कमी पडणार नाही. बाकीचे २ मार्चपर्यंत नक्की. दागिन्यांसाठी कुणाकडून उसने घेऊ नका. आईच्या पाटल्या मोडायचा विषय निघालाय असं मनूने सांगितलं, तो विषय बंद.

आणि पत्रिका. मनूने मजकुराचा फोटो पाठवलाय. 'आपले नम्र'मध्ये तुमचं नाव आहे, मामांचं आहे, काकांचं नाही. दाजींचं नाव आहे आणि तुमच्या सख्ख्या भावाचं नाही. पक्ष फुटला तो मुंबईत फुटला, बाबा. तुम्ही दोघं त्याआधी ३० वर्षं एकाच स्कूटरवरून सभांना जात होतात, मला पुढे उभं करून. मी कुणाचं बरोबर कुणाचं चूक यात पडत नाही. आई म्हणाली की तुम्ही तिला म्हणालात, "मला काही नाही गं, पण पोरं काय म्हणतील." पोरं म्हणजे आम्ही नव्हे हे मला कळलं. नगरपरिषदेचं मतदान २ डिसेंबरला आहे. पत्रिका छापायला १५ डिसेंबरला टाका. एवढंच सुचवतो.

काकांना उद्यापर्यंत अर्ज भरायचा होता ना? एबी फॉर्म मिळाला का ते मनूला विचारलं तर ती म्हणते, घरात ते विचारायची सोय नाही. निकाल लागला की तो काहीही असो, मला कळवा. तुमच्या पॅनेलचा आणि त्यांच्याही.

ईशान आजोबांना विचारतोय की पांडांचा कॅमेरा चालू झाला ते तुमच्या टीव्हीवर दाखवलं का. आईने गुडघ्याला मलम रोज लावावं, पाहुण्यांसाठी ठेवून देऊ नये. मोठ्यांना नमस्कार, मनूला खूप खूप आशीर्वाद.

तुमचा,
समीर

ता. क. हे पत्र काकांना दाखवू नका. म्हणजे, दाखवलंत तरी माझी हरकत नाही, पण पैशाचं पान काढून घ्या.